आबांना भरवलेला गूळ

वीस-बावीस वर्षं मी लोणावळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आहे. या कामानं मला एक वाईट खोड लावली. कुणी काही विचारलं की मला गप्प बसवत नाही, आणि एकदा उत्तर दिलं की ते चुकलं असेल असं मनातही येत नाही. यावरून घरात माझी भरपूर चेष्टा होते. माझे वडील मला नावानं हाक मारायचं सोडून शाळेतल्या मुलांसारखं 'बाई' म्हणायचे. "बाईंना इचारा," असं शेजाऱ्यांना सांगायचे, "बाईंना समदं म्हाईत आसतं." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

वडिलांना नुसते आम्हीच नाही, सगळं भाजे गाव आबा म्हणतं. घरची भातशेती होती, पण भात निघाल्यावर हातावर हात ठेवून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मळवलीला गाडी पकडायची, लोणावळ्याला उतरायचं आणि चिक्कीच्या भट्टीवर उभं राहायचं, असं त्यांनी चाळीस वर्षं केलं. त्यांचं काम गुळाचा पाक काढायचं. पाक झाला की नाही हे ते वाटीतल्या गार पाण्यावर ठरवत. पाण्यात थेंब टाकायचा, तो घट्ट झाला की उचलायचा आणि वाटीच्या काठावर आपटायचा. टक् असा आवाज आला की कढई उतरवायची. तो आवाज त्यांच्याइतका नेमका दुसऱ्या कुणाला कळत नाही, असं भट्टीवर सगळे म्हणायचे. पाक कडू झाला आणि कुणी गुळाला नावं ठेवली की ते चिडायचे. "गुळाला कशापायी बोलता? आच बघा की आधी."

भट्टीवर उष्णता अशी, की नवा माणूस तासाभरात घेरी येऊन खाली बसायचा. त्यावर तिथं एकच औषध होतं. गुळाचा खडा तोंडात, वर दोन घोट पाणी, आणि मग पाव तास त्याला कुणी हात लावायचा नाही. 'गुळाला लागायला येळ द्यावा' हा तिथला कायदा होता. आबांनी तो घरीही आणला. मला लहानपणी उन्हातून आल्यावर चक्कर आली, भावाला तापात गरगरलं, आईला लावणीच्या वेळी चिखलात डोळ्यांपुढं अंधारी आली, प्रत्येक वेळी आबांच्या हातून गुळाचा खडा मिळाला. आणि दर वेळी बरं वाटलं, हे इथं सांगायलाच हवं.

पुढे आबांनाच मधुमेह निघाला. चार वर्षांपूर्वी इंदुरीला एका लग्नात ते मांडवात बसल्या बसल्या घामाघूम झाले आणि असंबद्ध बोलायला लागले. गोळी घेतलेली आणि पंगत लांबलेली. लोकांनी पंखे फिरवले, कांदा हुंगवला. मी गर्दी बाजूला केली आणि त्यांच्या तोंडात गुळाचा खडा घातला. दहा मिनिटांत आबा उठून बसले आणि जिलबी कुठाय म्हणून विचारू लागले. साखर फार खाली गेली की मेंदू असा गडबडतो, हे मी मांडवातल्या पन्नास माणसांना समजावून सांगितलं. त्या दिवशी माझा भाव फार वधारला होता.

म्हणून मी ती चूक केली. दुसऱ्या कुणी केली नसती.

तो श्रावणातला रविवार होता आणि त्यातच संकष्टी. दर रविवारी सासरचं आवरून मी माहेरी येते. भाऊ मळवलीत एका बंगल्याची राखण करतो, त्यामुळं रविवारी तो पाहुण्यांच्या सरबराईत असतो. वहिनी रस्त्याकडेला कणसं भाजून फिरायला आलेल्यांना विकते. घरात मी आणि आबा दोघंच होतो. आबा ओट्यावर बिनसाखरेचा चहा पीत बसले होते आणि मी आत साबुदाणा परतत होते. बाहेर कप पडल्याचा आवाज आला.

मी गेले तेव्हा चहा धोतरावर सांडला होता आणि आबा त्याकडे बघतसुद्धा नव्हते. "आबा, लक्ष कुठंय?" मी विचारलं. ते काहीतरी बोलले. बोबडं, तोंडात सुपारी धरून बोलावं तसं. तोंड वाकडं दिसत होतं, पण कवळी काढून ठेवली की त्यांचं तोंड नेहमीच वाकडं दिसायचं, आणि कवळी आत मोरीत होती.

माझं उत्तर तयार होतं. सकाळची गोळी, उपास, पोटात नुसता चहा. साखर उतरली. दरवर्षी मी फळ्यावर लिहिते, की मेंदू साखरेवर चालतो आणि साखर साठवून ठेवायची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही. साखर मोजायचं यंत्र आबांच्या डोक्यावरच्या फळीवर ठेवलेलं होतं. हात वर केला असता तर लागलं असतं. पण ज्याला उत्तर माहीत आहे तो कशाला मोजतोय? मी डब्यातून गूळ आणला.

आबांनी माझा हात ढकलला. डाव्या हातानं ढकलला. आबा उजवे आहेत हे मला जन्मापासून माहीत आहे, तरी ते मला दिसलं नाही. उलट माझा पारा चढला. "लहान मूल आहात का? गपचूप खा," असं म्हणत मी त्यांची हनुवटी धरून खडा तोंडात घातला. मग पाणी पाजलं, त्याचा त्यांना ठसका लागला. मग भट्टीच्या कायद्याप्रमाणे मी घड्याळ बघत पाव तास थांबले. फरक पडेना म्हणून गुळाचं पाणी करून आणलं, तेही घोट घोट पाजलं आणि आणखी पाव तास थांबले. आबा माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत भीती होती, आणि मी त्यांना सांगत होते, "लागेल आत्ता. लागेल."

बंगल्यावर मोठा तवा हवा म्हणून भाऊ मोटारसायकलवर घरी आला. उंबऱ्यातूनच त्यानं पाहिलं आणि ओरडला, "आगं, त्वांड बघ की त्यांचं! एका अंगाला गेलंय. आबा, हात वर करा. दोनी करा." आबांचा डावा हात वर गेला. उजवा मांडीवरच राहिला. दहावीला दोनदा बसलेल्या माझ्या भावाला एका नजरेत जे कळलं, ते मला पाऊण तास कळलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी वर्गात मुलांना ऐकवायचे. माझा बैल त्या दिवशी रिकामाच राहिला.

शेजाऱ्याची गाडी काढली. रविवार, श्रावण, भाज्याचा रस्ता. गावापासून मळवलीच्या रेल्वे फाटकापर्यंत फिरायला आलेल्यांच्या गाड्यांची रांग होती. भाऊ उतरून पळत सुटला, एकेका काचेवर हात मारून सांगत होता, "वडील हायेत, झटका आलाय, जरा कडंला घ्या." कुणी शिवी दिली नाही की हॉर्न वाजवला नाही. एकाने तर आपली नवी गाडी भाताच्या खाचरात उतरवली. तरी वेळ लागायचा तो लागलाच. आबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्यांच्या तोंडाला गुळाचा वास येत होता.

तळेगावच्या बाजूच्या एका मोठ्या दवाखान्यात पोचलो. साखर तीनशेच्या वर निघाली. डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान, पण शांत होत्या. त्यांनी विचारलं, "काही खायला-प्यायला दिलं होतं का?"

"पाणी दिलं," मी म्हणाले.

भाऊ बाहेर होता. मी खोटं बोलले हे घरातल्या कुणाला कळलं नाही.

मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन द्यायला वेळ अजून शिल्लक होता, आणि ते त्यांनी दिलं. आबा वाचले. पाय महिनाभरात बरा झाला, हात अर्धामुर्धा परतला, बोलणं मात्र गेलं.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी तीन दिवस मोबाईलवर वाचत होते. आजवर फळ्यावर जे दोन ओळींत उरकलं होतं, ते आता मला नीट कळत होतं. रक्तातली साखर मेंदूत आपोआप शिरत नाही. मध्ये बारीक रक्तवाहिन्यांची भिंत असते, आणि त्या भिंतीत साखर आत घ्यायची ठरावीक दारं असतात, एका जातीच्या प्रथिनांची. चेतापेशींना पुन्हा त्यांची स्वतःची वेगळी दारं. गुठळीनं रक्त अडलं की ऐन मधल्या भागातल्या पेशी काही मिनिटांत मरतात. पण कडेच्या पेशी लगेच मरत नाहीत. थोडंफार रक्त पाझरत असतं, त्यावर तग धरतात. आणि या उपाशी पेशी काय करतात, तर पुढच्या तासांत आणि दिवसांत साखरेची दारं वाढवतात. भिंतीतही वाढतात, पेशींवरही वाढतात. येईल तो कण आत घ्यायचा, एवढाच त्यांचा प्रयत्न. हे वाचून मी बाकावर रडले. माझ्या आबांच्या डोक्यात, मी बाहेर बसले असताना, त्या एवढ्याशा पेशी जगायची अशी धडपड करत होत्या.

पण पुढचं वाचलं आणि रडूही थांबलं. साखर आत आली तरी तिचं काही करायला प्राणवायू लागतो. प्राणवायू नसेल तर साखरेचं आम्ल होतं, आणि ते आम्ल त्याच पेशींना जाळतं. म्हणून झटका आलेल्या माणसाच्या रक्तात साखर फार वाढलेली बरी नाही. म्हणजे माझ्या गुळासाठी त्या पेशींनी असतील नसतील ती दारं उघडली असतील, आणि त्याच गुळानं त्यांचं नुकसान केलं असेल. अशा वेळी तोंडातून काही देऊच नये, हे तर आणखी वेगळं. ठसका लागला तेव्हा ते पाणी फुप्फुसात गेलं असतं तर आबा तिथंच गेले असते. यातलं मी कुणाला काही सांगितलं नाही.

आबा घरी आले. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या तोंडून पहिला शब्द फुटला. वहिनी धावत बाहेर आली, भावानं मला शाळेत फोन केला. मी संध्याकाळी पोचले, त्यांच्यासमोर बसले. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाले, "गूळ."

पाणी आणायच्या निमित्तानं मी उठून आत गेले.

त्यानंतर त्यांना तो एकच शब्द येत होता. पाणी हवं असलं तरी गूळ, पंखा लावायचा तरी गूळ, आणि रागावले की तीनदा गूळ. घरातले हसायचे. "आबांचा गूळ संपंना," वहिनी म्हणायची. बोलणं शिकवायला तळेगावहून येणाऱ्या ताईंनी समजावलं, की असं पुष्कळ जणांचं होतं. एखादा शब्द शिल्लक राहतो आणि माणूस त्यावरच सगळं भागवतो. चाळीस वर्षं पाक काढणाऱ्याला गूळ हाच शब्द राहिला यात नवल काय? सगळ्यांना ते पटलं. पण चोराच्या मनात चांदणं. मला प्रत्येक वेळी वाटायचं, ते मला ओळखून बोलताहेत. मी खोलीत शिरले की हमखास, "गूळ." मी रविवारी जायला उशीर करू लागले. एक रविवार पेपर तपासायचे म्हणून गेलेच नाही. स्वतःच्या बापाला तोंड चुकवत होते, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून वहिनीवर उगाच खेकसत होते.

दिवाळीनंतर भट्टीवरचे चाचा आले. तेही चाळीस वर्षं तिथंच, शेंगदाणे भाजायला. आबांचा पाक आणि चाचांचे दाणे, अशी दोघांची जोडी होती. चाचा आबांच्या खाटेवर टेकले. आबा म्हणाले, "गूळ."

"आणला की," चाचा म्हणाले. "पण पयल्यासारखा न्हाई राहिला. पांढरट येतो."

"गूळ, गूळ." आबांनी मान हलवली.

"व्हय तर. मी बी मालकाला तेच सांगितलं. आईकतोय कोन?"

आबा खदाखदा हसले. झटक्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होते. दोघं तासभर बोलत बसले, एक सगळ्या शब्दांनी आणि एक एकाच शब्दानं, आणि कुणाचं काही अडलं नाही. मी दारात चहाचे कप घेऊन उभी होते. चाचांना त्या शब्दात आबा दिसत होते आणि मला त्यात फक्त मी दिसत होते. मला माझीच लाज वाटली.

पुढच्या तपासणीला मी आबांना घेऊन गेले. त्यांना बाहेर भावाजवळ बसवलं आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोलले. मी गूळ दिला होता. दोनदा. आणि पाऊण तास वाट बघितली."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "खरं सांगू की बरं वाटेल असं सांगू?"

"खरं सांगा."

"गुठळी गुळानं झाली नाही. ती आधीच होती. साखर वाढलेली होती, पण झटका आला की शरीर घाबरून स्वतःच साखर वाढवतं. त्यातली गुळाची किती आणि शरीराची किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. पाऊण तास गेला, तो मात्र गेला. थोडं आधी आला असता तर थोडं जास्त वाचलं असतं, कदाचित." त्यांनी कागद बाजूला केला. "साखर कमी झाली तरी माणूस असाच दिसतो, म्हणून तर आम्हीसुद्धा पहिल्यांदा साखर मोजतो. तुमचा अंदाज वेडा नव्हता. तुम्ही मोजलं नाहीत, एवढंच."

एवढंच. यंत्र फळीवर होतं, एवढंच.

घरी आल्यावर भाऊ बंगल्यावर गेला आणि वहिनी गोठ्यात. आबा ओट्यावर बसले होते, त्याच जागी. दुपारचं ऊन उतरत होतं. मी त्यांच्यासमोर खाली बसले. तोपर्यंत मी ठरवलं होतं, की नीट, शांतपणे सांगायचं, वर्गात सांगते तसं. पण तसं काही जमलं नाही.

"आबा, तुम्ही माझा हात ढकलला होता. तुम्हाला बोलता येत नव्हतं म्हणून ढकललात. मी तरी भरवला. हनुवटी धरून भरवला, वर तुम्हालाच ओरडले. मला वाटलं साखर उतरली. दवाखान्यात विचारलं तेव्हा पाणी दिलं म्हणाले. आबा, तुमचं बोलणं माझ्यामुळं गेलं का?"

हे शब्द त्यांना कितपत कळत होते मला माहीत नाही. ताई म्हणायच्या, समजतं बरंच, पण सगळं नाही. आबा माझ्याकडे बघत राहिले. मी वाट बघत होते, की आता येईल तो शब्द, आणि तो ऐकायची मी तयारी केली होती. त्यांचे ओठ जुळले. मग पुन्हा सुटले. कपाळावर शीर दिसायला लागली. त्यांचा डावा हात पुढे आला आणि त्यांनी माझं मनगट धरलं, त्या सकाळी ढकललं होतं तेच मनगट.

"न्ह..." ते म्हणाले. थांबले. डोळे मिटून घेतले. "न्हाई."

वहिनी शेणाची पाटी घेऊन गोठ्याच्या दारात थबकली होती. "काय म्हनले? आबा काय म्हनले?" ती विचारत होती, आणि मला उत्तर देता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. त्यांनी आबांची तपासणी केली, कौतुक केलं, आणि मला बाजूला घेऊन प्रामाणिकपणे सांगितलं, की 'नाही' हा शब्द पुष्कळदा लवकर परत येतो. त्याचा अर्थ दर वेळी नाही असाच असतो असं धरू नका. मी मान हलवली. विज्ञान मलाही कळतं. आता आबा सगळ्यालाच न्हाई म्हणतात. चहा हवा का? न्हाई, आणि कप रिकामा करतात. भट्टीवर जायचं का? न्हाई, आणि चप्पल शोधतात. वहिनी म्हणते, "गुळाची जागा न्हाईनं घेतली, दुसरं काय."

मी तिला काही सांगत नाही. आबांना तो प्रश्न मी पुन्हा विचारलेला नाही आणि विचारणारही नाही. त्या रविवारपासून शाळेत एकदा आलेलं उत्तरही मी तीन-तीनदा तपासते, मुलांना ते माहीत आहे. हे एकच उत्तर मी तपासलं नाही. जिथं जिवंत राहिलेली प्रत्येक पेशी धडपडत होती, तिथून माझ्या बापानं एक नवा शब्द ओढून आणला, आणि तो पहिल्यांदा माझ्यासाठी वापरला.